मोहरीहून हलका कण, हजार यार्डांचा हिशेब

१.३ मिलिग्रॅम! रायफलच्या दारूचा एक कण साधारण एवढाच भरतो. मोहरीचा दाणाही त्याच्यापुढे जड. दिसायला पेन्सिलीच्या शिशाचा बारीक तुकडा, रंगही तसाच काळपट राखी. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं स्वतः भरणारे हौशी नेमबाज आहेत. त्यांच्यातले चोखंदळ लोक असा एकेक कण चिमट्याने उचलतात, काट्याच्या वाटीत सोडतात आणि शेवटचा आकडा हलतो की नाही ते श्वास रोखून बघतात. पंखा बंद, दार बंद, कारण वाऱ्याच्या झुळकीनेही आकडा नाचतो. आकडा मनासारखा आला की वाटीतली दारू नरसाळ्यातून पितळी पुंगळीत ओततात आणि वाटी पुन्हा काट्यावर ठेवतात. पुन्हा शून्य, पुन्हा कण, पुन्हा चिमटा.

एका कणासाठी एवढा खटाटोप? हो, एका कणासाठी! आणि हा खटाटोप किती रास्त आहे हे आकडे मांडल्याशिवाय कळायचं नाही. चला, मांडूच.

आधी मापाची ओळख. काडतुसाच्या दुनियेत वजन ग्रॅममध्ये नाही, ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन, एक ग्रेन म्हणजे जवळपास ६५ मिलिग्रॅम. हे माप आपल्याला परकं वाटतं, पण ते आपल्या घरातलंच आहे! १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीने तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनचा. कंपनीच्या चांदीच्या रुपयाचं वजनही तेवढंच. म्हणजे आपल्या आजीच्या पाटल्या ज्या तोळ्याने तोलल्या गेल्या, तो तोळा आणि अमेरिकन गॅरेजमधला ग्रेन एकाच कुळातले. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. तर एक मासा पंधरा ग्रेनचा आणि एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. आता दारूचा तो कण या तराजूत टाका. एका गुंजेला असे नव्वदहून अधिक कण लागतात. एका तोळ्याला? जवळजवळ नऊ हजार! सोनार ज्या गुंजेपाशी थांबायचा, त्या गुंजेचे नव्वदाहून जास्त तुकडे करून त्यातल्या एकाबद्दल हा माणूस हळहळतो.

उदाहरणासाठी एकच काडतूस घेऊ, म्हणजे आकडे भरकटणार नाहीत. नाव ६.५ क्रीडमोर. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या हॉर्नडी कंपनीने २००७ साली ते बाजारात आणलं आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजांनी ते डोक्यावर घेतलं. यातली एक नेहमीची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे नऊ ग्रॅम, म्हणजे सव्वानऊ माशांहून किंचित जास्त. पाऊण तोळ्याचा ऐवज. तिच्यामागची दारू आपण सोयीसाठी ४० ग्रेन धरू. हा आकडा निव्वळ हिशेबासाठी आहे. खरं प्रमाण प्रत्येक दारूचं आणि प्रत्येक गोळीचं वेगळं असतं आणि ते कंपन्यांच्या छापील पुस्तिकेतूनच घ्यायचं असतं. ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन हजार कण.

या दोन हजार कणांत ताकद किती? ऐका. या दारूत ग्रॅममागे साधारण चार हजार ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सगळी मिळून दहा हजार ज्यूलच्या आसपास. मोठा आकडा वाटतो ना? चहात बुडवायच्या एका ग्लुकोज बिस्किटात याच्या दहापट ऊर्जा असते! बिस्कीट खाऊन आपण जेमतेम जिना चढतो. मग दहाव्या हिश्शाच्या बिस्किटाने एवढा गहजब कसा होतो?

सगळी करामत वेळेची. बिस्किटाची ऊर्जा पोटात तासभर सावकाश मोकळी होते. दारूची ऊर्जा सव्वा मिलिसेकंदात. पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत बस एवढाच अवधी! पापणी लवायला एक दशांश सेकंद धरला, तर तेवढ्यात हा अख्खा प्रकार ऐंशी वेळा उरकेल. दहा हजारांतले तीन हजारांहून थोडे जास्त ज्यूल गोळीच्या वाट्याला येतात, बाकीचे उष्णतेत आणि वायूत जातात. पण तीन हजार ज्यूल सव्वा मिलिसेकंदात म्हणजे अश्वशक्ती किती होते? सुमारे ३,३००! अख्खी प्रवासी गाडी ओढणारं रेल्वेचं डब्ल्यूएपी-७ इंजिन सहा हजारांहून थोड्या जास्त अश्वशक्तीचं. अर्धं रेल्वे इंजिन, खांद्याला टेकवलेल्या चार-पाच किलोच्या बंदुकीत!

आता दाब. अमेरिकेत काडतुसांचे मानदंड ठरवणारी सामी ही संस्था १९२६ पासून आहे. तिने या काडतुसासाठी ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा आहे दर चौरस इंचाला ६२,००० पौंड. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी मारतो तेव्हा आत साधारण १५ पौंडांचा दाब असतो. चार हजारांहून जास्त कुकरांचा दाब एका बोटभर पुंगळीत! अजून पटत नसेल तर विहीर खणू. तळाशी एवढा दाब यावा अशी पाण्याने काठोकाठ भरलेली विहीर किती खोल लागेल? गावाकडची साठ फुटी विहीर धरा. तशा जवळजवळ २,४०० विहिरी एकाखाली एक रचाव्या लागतील! एकूण खोली साडेत्रेचाळीस किलोमीटर. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ते अंतर ३४ किलोमीटर. तो रूळमार्ग उभा करून जमिनीत गाडला तरी आपली विहीर त्याच्याखाली आणखी साडेनऊ किलोमीटर उरते.

एवढा दाब गोळीच्या बुडाला लागतो तेव्हा काय होतं? बूड केवढं, तर पावणेसात मिलिमीटर व्यासाचं, करंगळीच्या नखाहून लहान. आणि त्यावर जोर बसतो दीड टन! दोन छोट्या मोटारी करंगळीच्या नखावर. गोळी सुटते, चोवीस इंची नळीत शून्यावरून सेकंदाला २,७०० फुटांवर पोचते. नळीतल्या प्रवासात ती सरासरी ५६ हजार पट जड झाल्यासारखी वागते. नऊ ग्रॅमचा तुकडा, आणि भार पाचशे किलोंचा. सिमेंटची दहा पोती!

शिवाय ती फिरते. नळीच्या आतल्या पिळामुळे दर आठ इंचांत तिची एक गिरकी होते, म्हणजे सेकंदाला ४,०५० गिरक्या. आपला छताचा पंखा जोरात लावला तर मिनिटाला साडेतीनशे फेऱ्या मारतो. गोळीच्या एका सेकंदाची बरोबरी करायला त्याला साडेअकरा मिनिटं गरगरावं लागेल.

आणि वेग? सेकंदाला ८२३ मीटर, तासाला २,९६० किलोमीटर! हा वेग टिकला असता, हवेने तो खाल्ला नसता, तर मुंबई ते पुणे हे रेल्वेचं १९२ किलोमीटरचं अंतर चार मिनिटं भरायच्या आत संपलं असतं. डेक्कन क्वीनला सव्वातीन तास लागतात. ती कल्याणही गाठणार नाही तेवढ्यात गोळी पुण्याला जाऊन, परत येऊन, पुन्हा पुण्याला पोचेल.

आता खरी गंमत, कारण ही सगळी ताकद कशासाठी, तर हजार यार्डांवरच्या एका वर्तुळासाठी. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. रेल्वेचे ३९ डबे एकापुढे एक लावा, नेमबाज पहिल्या डब्याच्या टोकाला, लक्ष्य शेवटच्या डब्याच्या टोकाला. एफ-क्लास नावाच्या स्पर्धेत या अंतरावरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं असतं. त्याच्या आत पाच इंचांचं आणखी एक, बरोबरी फोडायला. दहा इंच म्हणजे जेवणाचं ताट. ३९ डब्यांपलीकडे जेवणाचं ताट!

हेच प्रमाण मोठं करून बघू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उभे राहा आणि सरळ रेषेत पुण्याच्या शनिवारवाड्याकडे तोंड करा. मध्ये ठाण्याची खाडी, सह्याद्री, खंडाळा, सगळं बाजूला ठेवा. अंतर साधारण ११७ किलोमीटर. या अंतरावर ते ताट किती मोठं होईल? ३३ मीटर. आतलं वर्तुळ १६ मीटर. मुंबईत बसून शनिवारवाड्याच्या आवारातला वाडाभर तुकडा निवडायचा आणि एकामागून एक गोळी तिथेच घालायची! आणि बेंचरेस्ट प्रकारातले, बंदूक टेकवून मारणारे तयार नेमबाज हजार यार्डांवर पाच गोळ्या तीन इंचांच्या आत ठेवतात. पुण्यात त्याचे होतात दहा मीटर. एक ओसरी.

(आपल्याकडे रायफल म्हटली की कोल्हापूर आठवतं, आणि आठवायलाच हवं. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, विश्वविजेतेपद मिळवलं. कांबळवाडीच्या, मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य आणलं. त्यांच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ पन्नास मीटरवर फक्त १०.४ मिलिमीटरचं! शनिवारवाड्याच्या मापात ते २४ मीटर, म्हणजे एफ-क्लासच्या ताटापेक्षाही बारीक. मात्र त्यांचं पॉइंट टू टू काडतूस रिमफायर असतं, ते एकदा उडालं की घरी पुन्हा भरण्यासारखं नसतं. भरण्याची ही सगळी कथा मोठ्या, सेंटरफायर काडतुसांची.)

आता तो कण परत काट्यावर ठेवू. ढोबळमानाने पाच कण, म्हणजे एक दशांश ग्रेन, जास्त पडले तर गोळी सेकंदाला पाचेक फूट जास्त वेगाने जाते. २,७०० मध्ये पाच! मनुष्याला हा फरक ऐकूही येत नाही, खांद्यालाही कळत नाही. पण हजार यार्ड जायला गोळीला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली सुमारे नऊ मीटर घसरते. तीन मजले! नेमबाज तेवढी उंची आधीच धरून मारतो. वेग जरा बदलला की हे तीन मजले जरा कमी-जास्त होतात, आणि त्या जराशाचं गणित असं येतं: सेकंदाला दहा फुटांचा फरक, लक्ष्यावर जवळपास तीन इंच वर-खाली. पाच फुटांचा फरक, दीड इंच. एका कणाचा? आठ मिलिमीटर. १.३ मिलिग्रॅमचा एक कण ९१४ मीटरांवर आठ मिलिमीटर सरकवतो, आणि आपल्या मुंबई-पुणे मापात शनिवारवाड्यात एक मीटर! बोरीबंदरला मोहरीहून हलकं काहीतरी जास्त पडलं आणि पुण्यात गोळी या फरशीवरून पलीकडच्या फरशीवर गेली.

म्हणून हे लोक वेग मोजायचं यंत्र लावून बसतात आणि गोळ्यागोळ्यांमधली तफावत सेकंदाला दहा फुटांच्या आत आणायला झटतात. तेवढी काटेकोर डेक्कन क्वीन चालवायची ठरवली तर रोज सव्वातीन तासांच्या प्रवासानंतर ती पुण्याच्या फलाटावर पाऊण मिनिटाच्या फरकात लागायला हवी, पाऊस असो, घाटात धुकं असो. माझ्या मते हौसेखातर केलेल्या कामात एवढी शिस्त फार थोड्या ठिकाणी सापडेल.

वजन झालं, आता लांबी. पुंगळी एकदा उडाली की फुगते. ती परत साच्यात दाबून तिचा खांदा, म्हणजे तोंडाकडे निमुळता होत जाणारा भाग, मागे सरकवतात. किती? दोन सहस्रांश इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा दहावा भाग! डोक्याचा केस याहून जाड. कमी सरकवला तर काडतूस बंदुकीत बसायला कुरकुरतं, फार सरकवला तर पितळ दर वेळी ताणलं जाऊन बुडाशी फाटतं. पूर्ण काडतूस ७१ मिलिमीटर लांब. त्याला ताणून मुंबई-पुणे केलं तर १९२ किलोमीटरांत ही फट होते १३७ मीटरची. डेक्कन क्वीनचे सहा डबे. म्हणजे मुंबईहून रूळ टाकत निघायचं आणि पुण्यात शेवटचा रूळ सहा डब्यांच्या आत नेमका आणून बसवायचा. व्हर्नियर कॅलिपर आणि मायक्रोमीटर घेऊन, घरच्या टेबलावर, दिवसात शंभर वेळा!

इथे आनंदाच्या भरात एक गोष्ट सुटायला नको. मोजमाप चुकलं तर केवळ नेम चुकत नाही. चार हजार कुकर ज्या पुंगळीत कोंडलेत ती नेमबाजाच्या गालापासून जेमतेम वीतभर अंतरावर असते. दारू वाढली की दाब त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून झपाट्याने वाढतो. पुस्तिका म्हणूनच कमाल प्रमाणापेक्षा बरंच खालून सुरुवात करायला सांगते. काट्याचं ग्रॅमचं बटण चुकून दाबलेलं राहिलं तर? एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन असतात. पंधरापट गफलत! म्हणून काम सुरू करताना ज्ञात वजनाचं माप ठेवून काटा तपासायचा, मध्ये पुन्हा तपासायचा, टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा, आणि भरलेल्या सगळ्या पुंगळ्या उजेडात आत डोकावून बघायच्या. एकीत दोनदा ओतली गेली असेल तर ती तिथेच दिसते. टीव्ही लावून, गप्पा मारत करायचं हे काम नाही. आणि आपल्याकडे तर हा घरगुती छंदच नाही: १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं गुन्हा आहे. आपल्याकडे हे काम खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी होतं, आणि तो कारखाना १८६९ पासून आहे.

एका गोळीने किती फरक पडतो याचा दाखला हवा असेल तर या काडतुसाच्या नावापाशीच मिळतो. न्यू यॉर्कजवळच्या क्रीडमोर मैदानावर १८७४ च्या सप्टेंबरात अमेरिका आणि आयर्लंड यांचा सामना झाला. प्रत्येक संघात सहा नेमबाज, ८००, ९०० आणि १,००० यार्ड, प्रत्येक अंतरावर प्रत्येकाच्या पंधरा गोळ्या. एका संघाच्या २७० गोळ्या, दर गोळीला जास्तीत जास्त चार गुण, म्हणजे सामना १,०८० गुणांचा. निकाल लागला ९३४ विरुद्ध ९३१, अमेरिका विजयी. तीन गुण! आणि आयर्लंडच्या मिलनरची एक गोळी अगदी मधोमध बसली होती, पण शेजारच्या लक्ष्यावर. तिला शून्य मिळालं. योग्य लक्ष्यावर चार मिळाले असते तर आयर्लंड ९३५. दोन्ही संघांच्या मिळून ५४० गोळ्या झडल्या आणि तराजू एकीवर फिरला.

आता शेवटचा हिशेब, आणि मला तर यानेच सगळ्यात जास्त चक्रावून सोडलं. या काडतुसाची चांगली नळी अडीच ते तीन हजार गोळ्यांनंतर झिजते, तिचा नेम जातो आणि ती बदलावी लागते. तीन हजार धरू. प्रत्येक काडतुसाचं तोलणं, मापणं, दाबणं, तपासणं मिळून तीन मिनिटं धरा, म्हणजे ९,००० मिनिटं, म्हणजे १५० तास. डेक्कन क्वीनच्या ४६ फेऱ्या होतील एवढा वेळ टेबलापाशी, वाकून, चिमटा हातात घेऊन. आणि तेवढ्यासाठी नळीने प्रत्यक्ष काम किती वेळ केलं? तीन हजार गुणिले सव्वा मिलिसेकंद. पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सगळं धरून पावणेचार सेकंद.